पितळेची चिंच चाकाला लावू नका

साकोलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घरी जुनी मोटार घेतली. चाके अ‍ॅलॉयची आहेत, पण पुढची दोन कायम काळी. साबणाने निघत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, चिंच आणि राख लावून घास, पितळ उजळते तर हे का उजळणार नाही? एका चाकावर करून पाहिले. काळेपणा थोडा गेला, पण सोबत चमकही गेली. ईद जवळ आली आहे, पाहुण्यांकडे जायचे आहे, तर उरलेल्या तीन चाकांचे काय करावे?

सासूबाईंचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबर आहे. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, आणि आपल्याकडच्या घरात बदना असो की हंडा, काळा पडला की हात आधी चिंचेकडे जातो. पितळेवरचा काळपटपणा हा त्याच धातूचा हवेने बदललेला थर असतो. चिंचेचे आम्ल तो विरघळवते आणि खालचे पितळ पिवळेधमक दिसू लागते.

चाकावरचा काळेपणा चाकाचा नसतोच. तो ब्रेकमधून येतो. ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या तबकडीवर घासतात. दोन्ही थोडे थोडे झिजतात आणि लोखंडाचा बारीक, तापलेला कीस उडून चाकावर बसतो. अ‍ॅलॉयचे चाक बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असते, वर रंग आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा थर. गरम कीस त्या लॅकरला चिकटतो. पाऊस आला की तिथेच गंजतो आणि नारिंगी ठिपके दिसू लागतात. थांबताना गाडीचा भार पुढे येतो, पुढच्या ब्रेकला काम जास्त पडते, म्हणून पुढची चाके आधी काळी होतात. बऱ्याच लहान गाड्यांना मागे ड्रम असतो, तिथे कीस आतच राहतो.

आता राख आणि काथ्या लावला तर आधी लॅकर खरवडले जाते. संडास साफ करायचे अ‍ॅसिड तर घरातल्या कोणालाही चाकाला लावू देऊ नका. धुण्याचा सोडाही नको. अ‍ॅल्युमिनियमला आम्ल आणि तीव्र क्षार दोन्ही खातात. (सोड्याने काळे पडलेले जर्मनचे पातेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.) लॅकर फुटले की ओल खाली शिरते आणि पांढरे चट्टे उठतात, ते धुऊन जात नाहीत. साकोलीच्या भगिनींचे ते एक चाक आता रंगाऱ्याकडेच न्यावे लागेल.

बाकी तीन चाकांना असे करा. गाडी सावलीत, चाके पूर्ण गार. अंग धुण्याआधी चाके धुवा आणि त्यांची बादली, फडके वेगळे ठेवा, नाहीतर तोच कीस बॉनेटवर ओरखडे पाडेल. आधी नुसत्या पाण्याचा जोर, मग गाडीचा शाम्पू, मऊ ब्रश, नटांच्या खळग्यांसाठी जुना टूथब्रश. एवढ्यानेच बरेचसे निघते. जे ठिपके उरतील त्यांच्यासाठी गाडीच्या सामानाच्या दुकानात लोखंडाचा कीस काढणारा फवारा मिळतो, ‘आयर्न रिमूव्हर’ म्हणून मागा. मारल्यावर जिथे लोखंड आहे तिथे तो जांभळा होतो. मुलांना बोलावून दाखवा, रसायनशास्त्राचा असा धडा फळ्यावर होत नाही. वास मात्र उग्र असतो, ब्युटी पार्लरमध्ये केस कुरळे करताना येतो तसाच, कारण औषधही त्याच जातीचे. हातमोजे घाला, बाटलीवर लिहिला आहे तेवढाच वेळ ठेवा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. एकदा करून राहिले तर पुन्हा करा, पण जोर लावून घासू नका. चाक कोरडे झाल्यावर गाडीचे मेण लावले तर पुढचा कीस सहज निघतो. मेण ब्रेकच्या तबकडीला लागता कामा नये. निघताना सुरुवातीला हळू चालवून दोन-चार वेळा ब्रेक दाबा, ओला ब्रेक लगेच धरत नाही.

पुढच्या दोनपैकी एकच चाक दुसऱ्यापेक्षा फार काळे होत असेल, तर धुण्याचा विषय सोडा आणि मिस्त्रीकडे जा. त्या बाजूचा कॅलिपर अडकलेला असू शकतो.

धुलाई केंद्रावर गाडी देत असाल तर तिथल्या पोराच्या हाताकडे एकदा पाहा. काही चाकक्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचा क्षार असतो. ते पातळ असेल तर लगेच आग होत नाही, दुखणे काही तासांनी सुरू होते, आणि तोवर ते कातडीखाली हाडापर्यंत पोहोचू शकते. मोज्यांशिवाय कोणी ते वापरत असेल तर ‘भाऊ, साध्या शाम्पूनेच धू, थोडे काळे राहिले तरी चालेल’ म्हणा. अंगावर सांडलेच तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरायचे, आणि बरे वाटले तरी बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.

धुतलेले पाणी कुठे जाते तेही पाहा. आपला जिल्हा तळ्यांचा, आणि सुट्टीच्या दिवशी बोडीच्या पाळीवर गाड्या उभ्या दिसतात. अनेक ब्रेक पॅडमध्ये तांबे असते आणि पाण्यात उतरलेले तांबे माशांना बाधते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने याच कारणासाठी २०१० मध्ये पॅडमधले तांबे कमी करण्याचा कायदा केला. आपल्या बोडीत मासे धरून ढिवरांची घरे चालतात. गाडी घरी, बादलीने, मातीच्या जागेवर धुवा. चार चाकांना तीन बादल्या पुरतात, नळी सोडून ठेवायची गरज नाही.