माशांची साक्ष वेळेवर घ्या

कुरवंडे गावाजवळ उगम पावलेली इंद्रायणी लोणावळा ओलांडते, कामशेतच्या भातखाचरांना वळसा घालून मावळ उतरते आणि देहू-आळंदीस पोहोचते. अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या घाटावर फेस दिसला की पाण्याचे नमुने घेतले जातात, नोटिसा निघतात. मासे मरून तरंगू लागले की चौकशीची घोषणा होते. बैल गेला आणि झोपा केला, असाच हा कारभार म्हटला पाहिजे.

१९७४च्या जलप्रदूषण कायद्यानंतर पाण्यातील विरघळलेला प्राणवायू, सेंद्रिय घाण, आम्लता आदी गोष्टी मोजण्याची पद्धत रूढ झाली. ती आवश्यकच आहे. परंतु नमुना सांगतो तो एका घटकेपुरते. मासा त्या पाण्यात रात्रंदिवस राहतो. त्याच्यावर काय गुदरले, याची नोंद त्याच्या पेशींत होते. जड धातू शरीरात शिरले की त्यांना बांधून ठेवणाऱ्या मेटॅलोथायोनिन या प्रथिनाचे जनुक अधिक जोमाने काम करू लागते. कोणते जनुक किती कार्यरत आहे, हे पेशीतील संदेशवाहक आरएनए मोजून कळते. आणि मासा वरकरणी धडधाकट असतानाच कळते, हे या मोजणीचे खरे मोल.

कॅनडातील एका प्रायोगिक सरोवरात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम स्त्रीसंप्रेरक लिटरमागे अवघे ५-६ नॅनोग्रॅम राहील इतके सोडण्यात आले. अंड्यातील बलकासाठी मादीने बनवावयाचे प्रथिन नरांच्याही शरीरात बनू लागले आणि पुढे तेथील फॅटहेड मिनो हे लहान मासे जवळजवळ नामशेष झाले. इशारा आधी मिळाला, संहार नंतर झाला. शहरी सांडपाण्यातही अशी संप्रेरके असतात, हे विसरता येत नाही.

लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात महसीर माशाचे कृत्रिम प्रजनन सुरू केले आणि तेथील पिल्ले देशभरच्या जलाशयांत गेली. मात्र पिल्ले वाढवावयाची आणि नदी नासू द्यावयाची, हा व्यवहार आतबट्ट्याचा होय. जनुकांच्या मोजणीची साधने पुण्याच्या प्रयोगशाळांत आहेत. लोणावळ्याच्या वर, कामशेतला आणि देहूला दर ऋतूत तपासणी व्हावी. त्यासाठी दुर्मिळ महसीर नव्हे, विपुल असलेले लहान मासे घ्यावेत.

अर्थात ही साक्ष एकटी पुरेशी नाही. तापमान आणि विणीचा हंगाम यांनीही जनुकांचे काम बदलते. म्हणून स्वच्छ पात्रातील माशांशी तुलना आणि सोबत रासायनिक पृथक्करण हवेच. शिवाय संशोधन चालू आहे या सबबीवर सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रे रखडता कामा नयेत. निष्कर्ष दप्तरात न ठेवता नगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावले जावेत. मासा बोलू शकत नाही. त्याच्या पेशी बोलतात. प्रश्न ऐकणाऱ्यांचा आहे.