भागीदारी कोणाची?
जीर्ण वस्त्यांचे पुनरुज्जीवन 'लोकसहभागातून' करण्याची भाषा आज सर्वत्र ऐकू येते. गिरणगावचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. १९९१ च्या नियमानुसार मोठ्या गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एक-तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि जवळजवळ तितकाच म्हाडाला घरांसाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. टॉवर उभे राहिले. कामगाराचा वाटा आकसला. ज्या भागीदारीत निर्णयाचा अधिकार नाही, ती भागीदारी नव्हे, निव्वळ संमतिपत्र होय. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केलेली आहे. चाळकरी व फेरीवाले यांना संघटित करून प्रत्येक आराखडा प्रथम तेथे मांडावयास लावणे, हे कार्यकर्त्यांचे आजचे कर्तव्य आहे.