बोरोबुदुर आणि शिखराची घाई

मध्य जावात, मेरापी ज्वालामुखीच्या परिसरात, शैलेंद्र राजवंशाच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत, कृष्णवर्ण ज्वालामुखीजन्य पाषाणाचा जो प्रचंड स्तूप उभारला गेला, त्याच्या दर्शनास येणाऱ्या बहुतेक प्रवाशांची दृष्टी पहिल्या पायरीपासूनच शिखरावर खिळलेली असते. वरचे ७२ जाळीदार स्तूप, पहाटेचे धुके, पाठीमागे पर्वत. एवढ्याचे छायाचित्र निघाले की स्वारी खाली उतरावयास मोकळी.

वस्तुतः या वास्तूच्या योजकांनी शिखर हे यात्रेच्या अखेरीस ठेविले होते. त्याखालच्या चार वीथिकांच्या भिंतींवर कोरलेल्या कथा क्रमाने पाहावयाच्या, तर पहिल्या वीथिकेस चार आणि वरच्या तिन्हींस प्रत्येकी दोन, अशा दहा प्रदक्षिणा घालाव्या लागतात. पहिल्या वीथिकेतील १२० शिल्पपटांत ललितविस्तर या बौद्ध ग्रंथानुसार बुद्धाचे चरित्र आहे. जातककथा आहेत, आणि उलांडी बांधलेली अशी शिडाची जहाजे आहेत, की जी कोकणच्या दर्यावर्दी माणसाने पाहिली तर तो तेथून लवकर हलणार नाही. शिखराकडे धावणारा प्रवासी हे सारे डावी-उजवीकडे टाकून जातो.

२०२२ साली इंडोनेशियाच्या सरकारने स्तूपावर चढण्यासाठी परदेशी प्रवाशास शंभर डॉलर आणि देशवासीयास साडेसात लाख रुपिया आकारण्याचा मनसुबा जाहीर केला, तेव्हा मोठा गहजब झाला आणि तो बेत तहकूब करावा लागला. विद्यार्थ्यांस सवलत होती हे खरे. तरीही योग्यायोग्यता प्रवाशाच्या थैलीवरून ठरविणारा हा बेत बारगळला, हे उत्तमच झाले. मात्र त्याच बेतातील दुसरी अट, म्हणजे दिवसाकाठी १,२०० माणसांनाच वर सोडण्याची, पुढे अंमलात आली, आणि तिच्या जोडीस खास विणलेल्या चपला पायांत घालण्याची सक्तीही आली. या दोहोंविषयी कुरकुर करणाऱ्यांची बाजू मला मुळीच पटत नाही. जी वास्तू आतल्या मातीच्या टेकडीत मुरणाऱ्या पाण्यामुळे खचत होती, जिची पहिली मोठी दुरुस्ती डच अभियंते फान एर्प यांनी १९०७ ते १९११ या काळात केली, आणि युनेस्कोच्या साहाय्याने १९७३ ते १९८३ या दशकात जिचे दहा लाखांहून अधिक दगड उतरवून पुन्हा जागच्या जागी बसविले गेले, तिच्या पायऱ्या बुटांच्या टाचांनी झिजवीत राहण्याचा हक्क तिकिटाबरोबर कोणासही मिळत नाही.

माझी तक्रार निराळीच आहे. मार्गदर्शकाच्या मागोमाग गटाने तासाभरात वर जाऊन यावे, ही वहिवाट शिखराच्या घाईला राजमान्यताच देते, कारण दहा प्रदक्षिणा तासाभरात घालणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. माणसांची संख्या हवी तर आणखी घटवावी, पण ज्यास शिखराची ओढ नाही आणि केवळ वीथिकांतून हिंडावयाचे आहे, त्यास अर्ध्या दिवसाचा परवाना निराळा द्यावा. आणि आपल्याकडून बाली-जावाच्या सहली नेणाऱ्यांनीही आपल्या वेळापत्रकात बोरोबुदुरला सूर्योदयापुरती जागा न देता एक सबंध सकाळ द्यावी, मग न्याहारीची वेळ टळली तरी चालेल.