सैल पट्टा आणि दहा बोटे

जुन्या वॉशिंग मशिनचा पट्टा सैल झाला की मोटर गुणगुणते, कपडे मात्र फिरत नाहीत आणि जळक्या रबराचा वास येतो. दुरुस्ती तशी सोपी. मागचे झाकण काढायचे, मोटरचे बोल्ट ढिले करून ती थोडी ओढायची आणि पुन्हा आवळायचे. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण एक सेंटिमीटर दबला की ताण पुरेसा. त्याहून जास्त ओढला तर बेअरिंग लवकर जाते. भेगा पडलेला पट्टा बदलावाच.

पण आधी प्लग काढायचा. नुसते बटण बंद करून भागत नाही. इथेच लोक चुकतात. ‘नीट बसला का बघू’ म्हणून झाकण उघडे ठेवून मशिन सुरू करतात आणि फिरत्या पट्ट्याला बोट लावतात. ही मोटर मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते. तिची पुली ५ सेंटिमीटर व्यासाची धरली, तर पट्टा सेकंदाला साडेतीन मीटरहून अधिक धावतो. हात मागे घ्यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात पट्टा ७० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो आणि बोट पुलीखाली.

घरातला हा खेळ वाशिम जिल्ह्यात शेतात मोठ्या ताकदीने चालतो. ऑक्टोबरात सोयाबीनच्या सुड्या मोडायला मळणी यंत्र येते, तेव्हा आभाळ भरून आलेले असते आणि पुढचा शेतकरी वाट पाहत असतो. पट्टा घसरू लागला तर यंत्र थांबवायला कोणी राजी नसते. चालत्या यंत्रातच पट्ट्यावर राळ टाकली जाते, काठीने तो सरकवला जातो. पट्ट्यावरची जाळी तर ‘प्रत्येक वेळी कोण खोलणार’ म्हणून केव्हाच काढलेली असते.

मग बोट तुटते, हाताची कातडी मोज्यासारखी सोलून निघते किंवा पदर, ओढणी, वेणी ओढली जाते. यावर ‘मजुराचे लक्ष नव्हते’ असे म्हणणे सोयीचे आहे, पण खरे नाही. थकलेल्या माणसाचे लक्ष चुकणारच. जाळी त्यासाठीच असते. धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा १९८३चा आहे आणि त्यात धोकादायक यंत्र म्हणून पहिले नाव मळणी यंत्राचेच आहे. जाळी नसलेले यंत्र शेतात घेऊ नये, हे सांगायला मात्र शेतमालकाला कायद्याचीही गरज नाही.

अपघात झालाच तर हळद, चहापूड, राख काही लावू नये. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, हात उंच ठेवावा, अंगठी लगेच काढावी आणि १०८ला फोन करावा. धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नये. तुटलेले बोट स्वच्छ पाण्याने हलके धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. थेट बर्फावर ठेवलेले बोट गोठते आणि जोडायच्या कामाचे राहत नाही. चेचलेले बोट प्रत्येक वेळी जोडता येत नाही, पण ते सर्जनला ठरवू द्यावे. पिशवी मात्र एकाने हातात धरूनच गाडीत बसावे. गडबडीत ती धुऱ्यावर राहून जाते.