घर कोण राखणार?

मैत्रिणींनो, थंडी पडली, तुरीच्या शेंगा बाजारात आल्या की आपल्याकडे सहलीचे विषय निघतात. उन्हाळ्यात वऱ्हाडातून बाहेर पडायचे म्हणजे जिवावर येते आणि पावसाळ्यात शेतीभातीची कामे असतात. उरतो तो हिवाळा. वाशीमहून हैदराबाद आपल्याला पुण्या-मुंबईपेक्षा सोयीचे. २००८ साली पूर्णा-अकोला मार्ग रुंद झाला, जुनी छोटी गाडी गेली, आणि आता हिंगोली, नांदेड, निजामाबाद करत आपण थेट तेलंगणाच्या राजधानीत उतरतो. तीन-चार दिवसांत जाऊन येता येते. थंडीही आपल्याकडच्यासारखीच. रात्री एक शाल पुरते, दिवसा स्वेटर अंगावर नकोसा होतो.

गेल्या जानेवारीत आम्ही हेच ठरवले. आमच्या ह्यांनी रविवारी बसून मुलांच्या मदतीने यादी केली. दोन दिवसांत अकरा ठिकाणे! मुले खूश झाली. सासूबाई बाजूला बसून शेंगा सोलत होत्या. यादी वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही जा बरं सगळे. माझे गुडघे कुठं चालतात एवढं? अन् घराला कोणीतरी पाहिजे."

यावर कोणी काही बोलले नाही, कारण यात नवे काही नव्हतेच. नणंदेकडची लग्ने सोडली तर आमच्या प्रत्येक सहलीला आईंनीच घर राखलेले. पण त्या रात्री आवराआवर करताना मला एक गोष्ट आठवली. आईंचे माहेर हिंगोलीकडचे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणजे त्यांच्या लहानपणी हैदराबाद हीच त्यांची राजधानी. त्यांचे वडील जमिनीच्या कज्ज्यासाठी तिकडे जात आणि येताना मुलींना लाखेच्या बांगड्या आणत. त्या बांगड्यांचे वर्णन मी आईंकडून निदान वीस वेळा ऐकले असेल. हैदराबाद मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ती यादी घेतली आणि पुन्हा नव्याने लिहायला बसले. या वेळी ठिकाणे किती, याऐवजी आईंना किती चालवेल, इथून सुरुवात केली. सकाळी एक ठिकाण, दुपारी जेवून विश्रांती, संध्याकाळी एक ठिकाण. अकराची पाच झाली. ह्यांनी थोडी कुरकुर केली, "एवढ्या लांब जाऊन पाचच?" मी म्हटले, "पाच पाहू, पण सगळे मिळून पाहू."

आता ही आखणी कशी केली ते सांगते. तुमच्याही घरात गुडघे दुखणारे कोणी असेलच.

पहिले म्हणजे तारीख. संक्रांतीच्या आठवड्यात जाऊ नये. तिकडे तो मोठा सण असल्याने गाड्यांना तुफान गर्दी असते, शिवाय आपले तिळगूळ आणि हळदीकुंकू असतेच. २६ जानेवारीला जोडून सुटी आली तर तेही दिवस टाळावेत. हैदराबादचे सुप्रसिद्ध प्रदर्शन, ज्याला तिथे 'नुमाइश' म्हणतात, ते १९३८ पासूनचे. दरवर्षी नामपल्लीच्या मैदानावर साधारण १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी भरते. संक्रांत आणि २६ जानेवारी यांच्या मधले दिवस किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरला की सगळे साधते.

दुसरे तिकीट. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे चार महिने आधी नाही. आपल्या मार्गावरच्या सगळ्याच गाड्या रोज धावत नाहीत, तेव्हा आधी परतीची गाडी कोणत्या वारी आहे ते पाहावे आणि मग जाण्याची ठरवावी. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पण पंचेचाळीस पूर्ण केलेल्या बायकांना आणि साठ पूर्ण केलेल्या पुरुषांना खालच्या बर्थसाठी प्राधान्य असते. तिकीट काढताना तसे नोंदवायला विसरू नये. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते, नको असेल तर अर्धे. आणि वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरच्या डब्यात चढायचे नाही. म्हातारे माणूस बरोबर असताना तो धोका पत्करूच नये.

तिसरे उतरण्याची जागा. हैदराबादला काचीगुडा, सिकंदराबाद आणि नामपल्ली अशी तीन मोठी स्टेशने आहेत. आपली गाडी कुठे थांबते ते पाहून तिथून जवळची खोली घ्यावी. माझी चूक इथेच झाली. फोनवर "लिफ्ट आहे" एवढे ऐकून मी निश्चिंत राहिले. लिफ्ट होती, पण बंद होती, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर! आई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शेवटी थोडे जास्त पैसे देऊन खालची खोली मिळवली. म्हणून सांगते, खोली ठरवताना तळमजलाच मागावा आणि कमोड आहे का, तेही न लाजता विचारावे.

चौथे, कोणत्या दिवशी काय पाहायचे. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद असतात, प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असते. आम्ही पहिल्या सकाळी सालारजंग केले. सगळी दालने पाहायचा हट्ट धरला नाही. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची १८७६ सालची 'बुरख्यातली रिबेका' तेवढी पाहिली. संगमरवरातून कोरलेला तो झिरझिरीत बुरखा पाहून आई म्हणाल्या, "हा दगड आहे? ओला पदर वाटतो गं!" मग दुपारी बाराच्या आधी त्या प्रसिद्ध घड्याळासमोर जाऊन बसलो. बारा वाजता आतला छोटा माणूस बाहेर येऊन टोल देतो. धाकट्याने आणि आईंनी ते टोल बरोबरीने मोजले.

संध्याकाळी चारमिनार. १५९१ सालचा आहे. वर चढायला पायऱ्या आहेत, त्या मुलांनी चढाव्यात. आपण शेजारच्या लाड बाजारात जावे. तिथे आईंनी चार दुकाने फिरून लाखेच्या बांगड्या घेतल्या, एक जोड स्वतःसाठी आणि एक माझ्यासाठी. घासाघीस मात्र अशी केली, की मी बघतच राहिले! गर्दी फार असते. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या पिशवीत खोलीचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मोबाईलची बॅटरी नेमक्या वेळी संपते.

दुसऱ्या सकाळी गोवळकोंडा. वर बालाहिसारापर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. ह्यांनी मुलांना घेऊन वर जायचे आणि मी आईंजवळ खाली थांबायचे, असे आधीच ठरले होते. प्रवेशाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती पार वरपर्यंत ऐकू येते, अशी त्या किल्ल्याची ख्याती आहे. शत्रूची वर्दी वर पोचवण्यासाठी केलेली ती सोय. मुले वर पोचल्यावर ह्यांचा फोन आला, तशी आईंनी टाळी वाजवली. तिथे आणखी पन्नास माणसे टाळ्या वाजवत होती, पण धाकटा फोनवर ओरडला, "आजीची ऐकू आली! आजीचीच होती!" आई लहान मुलीसारख्या हसल्या आणि आणखी चार वाजवल्या.

मग आम्ही सावलीत बसलो. दशमी खाता खाता मी त्यांना विचारले, "आई, तुम्ही दर वेळी घरी राहता, तुम्हाला यावंसं वाटत नव्हतं का?"

त्या जरा वेळाने म्हणाल्या, "वाटायचं ना. पण कोणी 'चला' म्हणायच्या आधी मीच 'राहते' म्हणायचे. मग न म्हटल्याचं दुःख होत नाही."

मैत्रिणींनो, या वाक्यावर मला काही बोलता आले नाही. पंधरा वर्षे मी त्यांच्या "राहते"ला त्यांची इच्छा समजत होते. ह्यांना आईंजवळ बसवून नंतर मीही वर चढून आले, पण डोक्यात तेच होते.

उरलेल्या ठिकाणांचे थोडक्यात सांगते. हुसेन सागरातल्या बुद्धमूर्तीकडे लुंबिनी उद्यानातून बोट जाते. ती अखंड दगडाची मूर्ती तिथे १९९२ साली उभारली. संध्याकाळी जावे. नुमाइशला जाताना पैसे वेगळ्या पाकिटात ठेवावेत, तेवढेच खर्चावेत. तिकडे भाषेची फारशी अडचण येत नाही. हिंदी सर्वांना कळते. जांबागेत १९०७ साली सुरू झालेली मराठी मंडळींची विवेक वर्धिनी संस्था आहे, त्या भागात मराठीही कानावर पडते.

बरोबर काय न्यावे? दशम्या कराव्यात, पण कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवावी. थंडीत दोन दिवस सहज टिकतात. तिळाची कोरडी चटणी, शेंगदाण्याचे लाडू, लिंबाचे लोणचे. रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात आणि दोन दिवसांच्या जास्तीच्या घ्याव्यात. एक छोटी उशी घ्यावी, गुडघ्याखाली फार कामाची.

आणि घर? ते कोणी राखले? शेजारच्या वहिनींनी. दिवाळीत त्या माहेरी गेल्या तेव्हा त्यांच्या तुळशीला मी पाणी घातले होते, आता त्यांनी आमच्या. दुधवाल्याला आणि पेपरवाल्याला आधी सांगितले, गॅसचा रेग्युलेटर बंद केला, पाण्याचा मुख्य नळ बंद केला, दागिने बँकेत ठेवले. एवढे सगळे मिळून एका संध्याकाळचे काम! त्यासाठी एक माणूस इतकी वर्षे घरात बसवून ठेवले होते.

परतीच्या गाडीत बासरजवळ गोदावरी लागली तेव्हा आईंनी खिडकीतून नाणे टाकले, हात जोडले. हातात नव्या बांगड्या होत्या. म्हणाल्या, "बाबा असेच यायचे."

तेव्हा यंदा सहलीची यादी करायला बसाल, तेव्हा कागदावर ठिकाणे लिहिण्याआधी घरातल्या माणसांची नावे लिहा. "मी राहते" असे कोणी म्हणाले तर लगेच मान डोलावू नका. एकदा "चला" म्हणून पाहा, आणि मग त्या पावलांना झेपेल अशी सहल आखा.