बोर्ड गेला म्हणण्यापूर्वी

जुना डेस्कटॉप दुकानात आला, बटण दाबले आणि काहीच झाले नाही, की आपल्या धंद्यात एक निकाल तयार असतो: बोर्ड गेला. पुढचे बोलणेही ठरलेले. या मॉडेलचा बोर्ड आता मिळत नाही, मिळालाच तर वापरलेला मिळेल, त्याची गॅरंटी नाही, त्यापेक्षा नवीनच घ्या. ग्राहक मान डोलावतो, कारण त्याच्याकडे मल्टिमीटर नसतो. आपल्याकडे असतो, पण बऱ्याचदा तो खणातच राहतो.

ज्यांची मशीन अजून जुनी आहेत, ते ग्राहक हौसेने जुने धरून बसलेले नाहीत. एखाद्या तालुक्याच्या छापखान्यात पेजमेकर आणि वीस वर्षांपूर्वीचे मराठी फॉण्ट ज्या मशीनवर आहेत, त्याच्या पॅरलल पोर्टला हार्डवेअर लॉक लावलेले आहे. ते लॉक लावायला नव्या मशीनवर जागाच नसते. वजनकाट्याला, दूध संकलनाच्या यंत्राला, कारखान्यातल्या जुन्या सीएनसीला सिरियल पोर्ट लागतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची साथ 8 एप्रिल 2014 ला सोडली आणि विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 ला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हवे, म्हणजे ही सगळी मंडळी तिथे जाऊच शकत नाहीत. त्यांना नवीन मशीन विकणे म्हणजे त्यांचा अर्धा धंदा नव्याने उभारायला लावणे. म्हणून या मशीनचे निदान घाईने करता येत नाही.

निदान म्हणजे मशीन नेमके कुठे अडले ते शोधणे. सुरुवात बटणाच्याही आधी होते. कॅबिनेटला वायर लावल्याबरोबर एसएमपीएसमधला एक छोटा भाग कामाला लागतो आणि जांभळ्या तारेवर 5 व्होल्ट देतो. हा स्टँडबाय. मशीन बंद असतानाही तो चालू असतो, आणि बटण दाबल्याचे बोर्डाला कळते ते याच्याच जोरावर. त्यामुळे पहिले मोजमाप जांभळ्या तारेचे. तिथे शून्य असेल तर बोर्डाबद्दल बोलायचे कारणच नाही, एसएमपीएस उघडायचा. तिथे 5 असतील तर हिरवी तार पाहा. बंद मशीनमध्ये तिच्यावर दोन-चार व्होल्ट दिसतात आणि बटण दाबल्यावर बोर्ड ती जवळजवळ शून्यावर ओढतो. शून्यावर आलीच नाही, तर कॅबिनेटचे बटण काढून त्याच्या दोन पिना क्षणभर स्क्रूड्रायव्हरने जोडा. मशीन चालू झाले, तर दोष दहा रुपयांच्या स्विचचा. हिरवी तार खाली येऊनही पंखा फिरत नसेल, तर संशय पुन्हा एसएमपीएसवर.

पंखा एकदा झटका देऊन थांबत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. एसएमपीएस कुठेतरी शॉर्ट पाहून स्वतःला बंद करतो आहे. प्रोसेसरजवळचा चार पिनांचा 12 व्होल्टचा कनेक्टर काढून बघा. आता पंखा फिरत राहिला तर प्रोसेसरच्या पुरवठ्यातला एखादा मॉसफेट गेलेला आहे. तेव्हा मात्र बोर्ड गेला म्हणायला आधार आहे, आणि तरीही तो एक मॉसफेट बदलता येतो.

हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरला की एसएमपीएस चांगला, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. पंख्याला लागणारा करंट किरकोळ असतो. एसएमपीएस लोडवर तपासायचा. 12 व्होल्टची तार 11.4 च्या खाली किंवा 12.6 च्या वर, 5 ची तार 4.75 ते 5.25 च्या बाहेर गेली, की तो एसएमपीएस नापास. करड्या तारेवरचा पॉवर गुड सिग्नलही पाहावा. तो आला नाही तर सगळे व्होल्टेज बरोबर असूनही बोर्ड रीसेटमध्येच बसून राहतो, पंखे फिरतात, पडदा काळा, आणि आपण रॅम बदलत बसतो.

या सगळ्यात सर्वात जास्त फसवणारा आणि सर्वात स्वस्तात सुटणारा दोष स्टँडबायचाच आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. तक्रार ठरावीक असते: ‘काल चालू होता, रात्री लाईट गेली, सकाळपासून बंद.’ किंवा दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद केला आणि नंतर मशीन उठलेच नाही. ग्राहक म्हणतो व्होल्टेज वाढले असेल, आपणही हो म्हणतो. बहुतेक वेळा वाढलेले काहीच नसते. स्टँडबायच्या आयसीला पुरवठा देणारा 22 किंवा 47 मायक्रोफॅरडचा एक बारका इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षे गरम होऊन सुकलेला असतो. सर्किट चालू राहील तोवर तो कसाबसा निभावून नेतो, पण एकदा पूर्ण थंड झाल्यावर नव्याने सुरू करण्याइतकी ताकद त्याच्यात उरत नाही. थंडीच्या दिवसांत हे जास्त दिसते. काही जाणती मंडळी एसएमपीएसच्या जाळीतून हेअर ड्रायरची गरम हवा मारतात आणि मशीन चालू होते. ती दुरुस्ती नव्हे, पण निदान म्हणून झकास.

काही जुन्या डिझाइनमध्ये हाच सुकलेला कपॅसिटर उलटे करतो. स्टँडबाय कमी होण्याऐवजी वाढतो, जांभळ्या तारेवर 6-7 व्होल्ट येतात आणि चांगला बोर्ड खरोखरच जळतो. मग आपण दुसरा बोर्ड आणून त्याच एसएमपीएसला लावतो आणि तोही जातो. जांभळ्या तारेवर व्होल्टेज ‘येते’ एवढे पाहून भागत नाही. किती येते ते पाहा. आणि एसएमपीएस उघडताना वायर काढल्यावर लगेच हात घालू नका. 230 व्होल्टचे सरळ करून आत सुमारे 320 व्होल्ट डीसी साठलेले असतात. मोठे कपॅसिटर रेझिस्टर लावून उतरवा आणि मीटरने खात्री करा.

बोर्डावरच्या कपॅसिटरची गोष्ट आपल्यापैकी जुन्यांना आठवत असेल. साधारण 1999 ते 2007 या काळात बनलेल्या बोर्डांत निकृष्ट इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभर गेले. डेलने 2005 साली आपल्या ऑप्टिप्लेक्स मशीनच्या दुरुस्तीसाठी 30 कोटी डॉलर बाजूला काढले होते, एवढा त्याचा पसारा. प्रोसेसरच्या आसपास डोके फुगलेले किंवा वरच्या खाचेतून तपकिरी रस आलेले कपॅसिटर दिसले, की तो बोर्ड मेलेला नसून आजारी असतो. तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, 105 डिग्रीचे, लो ईएसआर कपॅसिटर लावा. साधे जनरल पर्पज लावले तर दोन महिन्यांत मशीन परत येते आणि दोष बोर्डावर जातो. आकाराने तसाच आणि भावाने स्वस्त कपॅसिटर घेऊन आपण स्वतःचेच नाव घालवतो.

रॅम काढून खोडरबर मारण्याबद्दल मात्र आमचे मत फारसे चांगले नाही. उपाय लागू पडतो, हे खरे. कोकणातल्या दमट हवेत तर हमखास. पण बऱ्याचदा काम होते ते रॅम काढून परत बसवल्यामुळे. रबर सोन्याचा पातळ मुलामा घासतो आणि त्याची पूड स्लॉटमध्ये राहते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारे कापड वापरा. आणि कॅबिनेटला छोटा स्पीकर नसेल तर आधी लावा. रॅम पूर्ण काढून मशीन चालू केल्यावर बोर्ड बीप देऊ लागला, तर प्रोसेसर आणि बायॉस जिवंत आहेत, हे एका मिनिटात कळते.

आता ज्यात ग्राहकाचे खरे नुकसान होते ती चूक. मशीन चालू होते, विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळा पडदा, परत रीस्टार्ट. बहुतेक दुकानांत लगेच निकाल लागतो की विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारावा लागेल. थांबून निळ्या पडद्यावरचा आकडा वाचा. शेवटी 7B असेल तर आधी बायॉसची तारीख पाहा. ती कारखान्यातल्या मूळ तारखेवर गेली असेल तर सीआर2032 सेल संपलेला आहे. सेल संपल्यावर बायॉसची सगळी सेटिंग मूळ जागी जातात, त्यात साटाचा मोड एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलट फिरतो, आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखू येत नाही. मोड परत पूर्वीसारखा केला आणि सेल बदलला की काम झाले. या एका सेलपायी टॅलीची दहा वर्षांची खाती आणि लग्नांचे फोटो फॉरमॅटमध्ये गेले आहेत. टकटक आवाज करणारी डिस्क असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहूही नका. बाजूला काढा आणि डेटाबद्दल ग्राहकाशी आधी बोला.

हे सगळे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. तरी होत नाही, याचे कारण पैशात आहे. तपासणीचे पैसे ग्राहक देत नाही, पार्टचे देतो. अर्धा तास मीटर लावून वीस रुपयांचा कपॅसिटर बदलणाऱ्याला दोनशे रुपये मागायला संकोच वाटतो, आणि पाच मिनिटांत बोर्ड गेला सांगून नवीन मशीन विकणाऱ्याला कमिशन मिळते. आपल्याच व्यवहाराने चुकीच्या निदानाला बक्षीस ठेवले आहे. तंत्रज्ञ अप्रामाणिक आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण दुकानाचे भाडे कशातून निघते, यावर हात आधी कुठे जातो ते ठरते.

म्हणून वाचकांना एक विनंती. दुकानात तपासणी फीचा फलक लावा, रक्कम तुमच्या गावाच्या मानाने ठरवा, आणि दुरुस्ती झाली नाही तरी ती घ्या. तिच्या बदल्यात ग्राहकाला जॉबकार्डावर मोजलेले आकडे लिहून द्या: जांभळी तार किती, हिरवी किती, लोडवर 12 व्होल्ट किती, सेल किती, मशीन कुठे अडले. बोर्ड गेला असे लिहायचे असेल तर त्याच्याखाली ते कशावरून, हेही लिहा. सुरुवातीला दोन ग्राहक कुरकुर करतील, एखादा शेजारच्या दुकानात जाईल. ज्यांनी हे आधीच सुरू केले आहे, त्यांनी आपला अनुभव आणि जॉबकार्डाचा नमुना आमच्याकडे पाठवावा. ग्राहकाचे नाव झाकून आम्ही तो पुढच्या अंकात छापू.