कार्ड हाती आले. खाट कोठे आहे?

आरोग्यसेवेच्या सुधारणेचा विषय निघाला की आपल्याकडील विचारवंत थेट परदेशी धाव घेतात. कोणाला ब्रिटनची सरकारी सेवा आदर्श वाटते, तर कोणाला अमेरिकेतील विमा कंपन्यांची भुरळ पडते. दादरहून परळपर्यंत पायी जाण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही. टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर मुक्काम ठोकलेली परप्रांतीय कुटुंबे पाहिली, तर या चर्चेतील पोकळपणा ध्यानी यावा.

पैशांअभावी कोणी उपचारांना मुकू नये, असे भोर समितीने १९४६ सालीच बजावले होते. पुढील अनेक दशके सत्ताधाऱ्यांनी तो अहवाल धूळ खात ठेवला. २०१८ साली 'आयुष्मान भारत'ने गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण दिले. २०२४ साली सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना त्यात स्थान मिळाले. घर गहाण टाकण्याची वेळ टळणे म्हणजे काय, हे या योजनेची टिंगल करणाऱ्यांना कळणार नाही.

परंतु स्वागत म्हणजे डोळे मिटणे नव्हे. कार्ड बिल भागवते. ते खाट निर्माण करीत नाही. नित्याच्या बाह्यरुग्ण तपासण्या व औषधांचा खर्च तर रुग्णाच्याच माथी राहतो. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. मुदत सरली, उद्दिष्ट दूरच आहे. स्वकीयांच्या राजवटीला हा जाब विचारणे हेही राष्ट्रकार्यच होय.

धर्मादाय रुग्णालयांचे काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या आहेत. ही भीक नव्हे, करसवलतीची परतफेड आहे. रिकाम्या खाटांची संख्या रोज दर्शनी फलकावर का लागू नये?

मार्ग परका नाही. १९२६ साली केईएम उभे राहिले ते अध्यापक भारतीयच असावेत या देणगीदाराच्या अटीसह. दादरमध्ये डॉ. रणदिवे यांनी नागरिकांच्या सहकारातून 'शुश्रूषा' उभारले. परळची नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांना निवारा देत आली आहे. शासनाने सार्वजनिक रुग्णालये सबळ करावीत, समाजाने सेवेचा वाटा उचलावा. आपल्या वस्तीतील किती निर्धनांना त्या वीस टक्क्यांचा हक्क ठाऊक आहे, याची चौकशी प्रत्येक कार्यकर्त्याने याच आठवड्यात करावी.